फुकटच्या पिशवीचं भाडं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवलीय, फक्त मधले "म्हणजे" आणि "ना" थोडे कमी केलेत.)



आज सुरुवातीलाच एक छोटा गृहपाठ. तुम्ही आत्ता घरी असाल तर एकदा आजूबाजूला नजर फिरवा आणि ज्यांच्यावर कुठल्यातरी धंद्याचं नाव छापलंय अशा, तुम्ही विकत न घेतलेल्या वस्तू मोजा. दाराच्या मागे लटकवलेली साडीच्या दुकानाची पिशवी. औषधाच्या कंपनीचं पेन, जे डॉक्टरकडून कधीतरी आपल्या खिशात आलं. सराफाचं कॅलेंडर. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत मिळालेला स्टीलचा डबा. कॉलेज फेस्टचा टी-शर्ट, ज्याच्या पाठीवर सात स्पॉन्सरांची नावं आहेत आणि जो आता झोपताना घालायचा टी-शर्ट झालाय.

साध्या घरातसुद्धा दहा-बारा तरी निघतात. आणि गंमत म्हणजे यातली एकही वस्तू आपल्याला "जाहिरात" वाटत नाही. यूट्यूबवर पाच सेकंदांची जाहिरात आली की आपण "स्किप"वर बोट ठेवून बसतो. पण ती पिशवी? ती आपण स्वतः खांद्याला अडकवून भाजी मंडईत मिरवतो.

तर आजचा विषय हा आहे. धंद्याचं नाव छापलेली वस्तू लोकांना द्यायची ही कल्पना आली कुठून, ती चालते का, आणि मुख्य म्हणजे या व्यवहारात कोण कुणाला काय देतं? कारण फुकट असं यात काहीच नसतं. भाडं असतं. फक्त ते कोण भरतंय हे काळाप्रमाणे बदलत गेलंय, आणि आजच्या भागाची खरी गोष्ट तीच आहे.

एक दप्तर, गोणपाटाचं

चला, अमेरिकेत. ओहायो राज्यात कोशॉक्टन नावाचं एक गाव आहे. १८८० च्या दशकात काही हजार वस्तीचं, कालव्याच्या काठचं, बाहेर कुणाला फारसं माहीत नसलेलं. तिथे जॅस्पर मीक नावाचा माणूस वर्तमानपत्र चालवायचा.

छोट्या गावातल्या वर्तमानपत्राची एक अडचण असते. छपाईचं मशीन घ्यायला भरपूर पैसे लागतात, पण अंक छापून झाला की ते मशीन नुसतं उभं. कर्ज मात्र उभं राहत नाही, ते चालूच असतं. मग मधल्या वेळात या मशीनवर काय छापता येईल, हा मीकसमोरचा प्रश्न होता.

पुढची गोष्ट या धंद्यातले लोक दंतकथेसारखी सांगतात, त्यामुळे तिला थोडं मीठ लावलेलं असणार हे धरून ऐका. १८८६ च्या सुमारास मीकने रस्त्यात एका शाळकरी पोराच्या हातातून पुस्तकं पडताना पाहिली. चिखलात. आणि त्याच्या डोक्यात आलं की या पोराला दप्तर पाहिजे. गावात कॅन्टवेल यांचं बुटांचं दुकान होतं. मीक त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मी तुम्हाला गोणपाटाची दप्तरं करून देतो, त्यावर तुमच्या दुकानाचं नाव छापतो, तुमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला एक द्या. दप्तरावर मजकूर काय, तर "कॅन्टवेलचे बूट घ्या". बस.

आता यातली बुद्धी बघा. कॅन्टवेलने तीच जाहिरात मीकच्या पेपरात दिली असती, तर तिचं आयुष्य किती? एक दिवस. दुसऱ्या दिवशी तो पेपर चुलीत किंवा सामान बांधायला. दप्तर मात्र सकाळी शाळेत जातं, संध्याकाळी परत येतं, मध्ये अख्खं गाव ओलांडतं. पुन्हा उद्या. पुन्हा परवा. आणि ते वाहून नेणाऱ्या पोराला कुणी पगार देत नाही. त्याचा पगार म्हणजे ते दप्तर.

हे मी "भाडं" का म्हणतोय ते आता लक्षात आलं असेल. कॅन्टवेलला त्या पोराच्या पाठीवरची जागा हवी होती. त्या जागेचं भाडं त्याने पैशात भरलं नाही, उपयोगात भरलं. दप्तर पुस्तकं सांभाळतंय तोवर जागा त्याची. दप्तर फाटलं की भाडेकरार संपला.

गावच्या गाव जाहिरातीवर

मीकचं डोकं मग थांबलं नाही. घोड्यांच्या पाठीवरच्या झुली, दुकानदारांचे अ‍ॅप्रन, टोप्या, कापडी पिशव्या, जिथे सपाट जागा मिळेल तिथे नाव. गावातच हेन्री बीच नावाचा दुसरा वर्तमानपत्रवाला होता. त्याने पाहिलं की शेजाऱ्याचं मशीन रिकाम्या वेळातही धडधडतंय. तो काय गप्प बसणार? त्यानेही तोच धंदा सुरू केला. मग चुरस. १९०१ मध्ये दोघे एकत्र आले, आणि थोड्याच काळात पुन्हा वेगळेही झाले. भागीदारी मोडण्याचा आपल्याकडचा वेग बघता हे ओळखीचं वाटेल.

या चुरशीतून एक मोठी गोष्ट झाली, पत्र्यावरची रंगीत छपाई. दगडावर चित्र उमटवून त्यावरून कागदावर छापायची शिळाछापाची पद्धत तेव्हा रुळलेली होती. पत्रा मात्र कडक, गुळगुळीत, शाई न शोषणारा. त्यावर बहुरंगी चित्र नीट उतरवणं हे वेगळंच कौशल्य. कोशॉक्टनच्या कारखान्यांनी ते मिळवलं आणि तिथून पत्र्याच्या पाट्या आणि पत्र्याचे ट्रे देशभर जायला लागले. कोका-कोलाचे ते जुने ट्रे पाहिलेत का, टोपी घातलेली बाई हातात ग्लास घेऊन हसतेय असे? त्यातल्या कितीतरी ट्रेंच्या काठावर बारीक अक्षरात कोशॉक्टनच्या कारखान्याचं नाव सापडतं. ही चित्रं काढायला मोठ्या शहरांतून चित्रकार त्या गावात येऊन राहायचे.

ट्रेच का पण? विचार करा. माणूस दुकानात येऊन बसलाय, घसा कोरडा पडलाय, काय मागवावं हे ठरवतोय. आणि वेटर त्याच्यासमोर ट्रे ठेवतो, ज्यावर एका पेयाचं नाव आहे. यापेक्षा योग्य वेळ आणि योग्य जागा दुसरी कुठली? आज मोबाइल कंपन्या "योग्य ग्राहकाला योग्य क्षणी जाहिरात" म्हणून जे विकतात, ते एका पत्र्याच्या ताटलीने शंभर वर्षांपूर्वी केलं होतं. डेटा न चोरता.

१९०४ साली अमेरिकेत अशा वस्तू बनवणाऱ्या १२ कारखानदारांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली. म्हणजे अठरा वर्षांत एका गोणपाटाच्या दप्तराचा अख्खा उद्योग झाला. पण तो किती परावलंबी होता तेही दिसलं. या ट्रेंचे आणि पाट्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बिअरचे कारखाने. १९२० मध्ये अमेरिकेत देशभर दारूबंदी आली. ज्याची जाहिरात करायची तीच वस्तू बेकायदा. मग ट्रे कोण घेणार?

आता एक प्रामाणिक खुलासा. नाव मिरवण्याची कल्पना मीकच्या आधीही होती. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या नावाची आद्याक्षरं असलेली पितळी बटणं लोकांनी कोटांना लावली होती. पण ती राजकारणाची आणि उत्साहाची गोष्ट. बुटाच्या दुकानासारख्या साध्या धंद्याने दुसऱ्याच्या पाठीवर जागा घ्यावी, आणि ती मिळवून देणं हाच कुणाचातरी पोटापाण्याचा व्यवसाय व्हावा, हे कोशॉक्टनचं.

आपल्याकडे देव आले

आता आपल्याकडे या. त्याच सुमारास मँचेस्टरचं गिरणी कापड हिंदुस्थानच्या बाजारात येत होतं. कापडाच्या ताग्यावर एक रंगीत कागद चिकटवलेला असायचा. त्याला व्यापारी तिकीट म्हणायचे, छाप म्हणायचे. त्यावर काय, तर कृष्ण, लक्ष्मी, सिंह, हत्ती, राजे-महाराजे. कारण गिऱ्हाईकाला इंग्रजी कंपनीचं नाव वाचता येणार नव्हतं, पण चित्र ओळखता येणार होतं. "हत्ती छाप द्या" म्हटलं की काम झालं. आपल्या बोलण्यातला "अमुक छाप" हा शब्द बाजारातून असा आलेला आहे. तागा संपल्यावर लोक ते चित्र फेकत नसत. जपून ठेवत, भिंतीला लावत.

इथे जाहिरात करणाऱ्यांना एक सोन्याची खाण सापडली. भिंतीवरची जागा हवी असेल तर देवाचं चित्र द्या. कारण देवाचं चित्र कुणी फेकत नाही.

रंगीत देव घरोघरी जाण्याची सोय तोवर झालीच होती. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लोकलने पुण्याहून लोणावळ्याला जाताना मळवली स्टेशन लागतं ना, तेच. या छापखान्याने देवादिकांची चित्रं राजवाड्यातून आणि देवळातून उचलून चाळीतल्या खोलीत आणली. आता त्या चित्राखाली तारखा जोडल्या आणि एका कोपऱ्यात साबणाचं किंवा औषधाचं नाव घातलं की झालं कॅलेंडर.

याचं एक उदाहरण तुमच्यापैकी काहींनी दहावीच्या एनसीईआरटीच्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिलं असेल. १९२८ चं ग्राइप वॉटरचं कॅलेंडर. तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवरचं औषध, आणि चित्र कुणाचं? बाळकृष्णाचं. हे चित्र काढणारे कोण, तर आपले कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, तिथेच शिकवलेले, मोठे मानाचे चित्रकार. म्हणजे "हे काय बाजारू काम" असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं नाही. त्याच पुस्तकात १९३४ चं सनलाइट साबणाचं कॅलेंडरही आहे, त्यावर विष्णू.

कॅलेंडर का चाललं? वर्तमानपत्र वाचायला अक्षरओळख लागते. कॅलेंडर वाचता न येणाऱ्यालाही लागतं. ते साहेबाच्या ऑफिसात असतं तसंच चहाच्या टपरीवर असतं. आणि वर्षाचे ३६५ दिवस असतं. कॅन्टवेलचं दप्तर रविवारी सुट्टी घ्यायचं. कॅलेंडर तीही घेत नाही.

पुढे स्वातंत्र्यानंतर हा काळ आणखी बहरला. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल, एस. एम. पंडित यांची चित्रं मराठी घरांत पोचली, ती दिवाळी अंकांची मुखपृष्ठं म्हणून आणि भिंतीवरची कॅलेंडरं म्हणून. आर्ट गॅलरीची पायरी न चढलेल्या लाखो माणसांनी पाहिलेली चित्रकला म्हणजे ही.

पण गिऱ्हाईकही काही भोळं नव्हतं बरं का. कितीतरी घरांत काय व्हायचं? वर्ष संपलं की कॅलेंडरचा खालचा भाग, म्हणजे तारखा आणि कंपनीचं नाव, कात्रीने कापून टाकायचा आणि वरचा देव फ्रेम करून देवघरात ठेवायचा. कंपनीचा भाडेकरार ३१ डिसेंबरला संपला. भाडेकरू बाहेर, देव आत. आजीच्या घरी एखादी जुनी तसबीर असेल तर तिची खालची कड नीट बघा. सरळ कापलेली आहे की थोडी वाकडी? वाकडी असेल तर तिथे कदाचित एखादा साबण होता.

फुकट हरलं तेव्हा

आता मला या गोष्टीतलं सर्वात आवडतं वळण. १९७० च्या दशकापर्यंत मराठी मध्यमवर्गीय घरात कॅलेंडर विकत घेणं म्हणजे वेडेपणा. किराणावाला देतो, बँक देते, सराफ देतो. भिंती कमी पडतील इतकी फुकटची कॅलेंडरं. अशा बाजारात १९७३ साली जयंत साळगावकरांनी "कालनिर्णय" काढलं. पैसे देऊन घ्यायचं कॅलेंडर!

आणि लोकांनी ते घेतलं. का घेतलं? कारण फुकटच्या कॅलेंडरमध्ये चित्र मोठं आणि माहिती छोटी. आईला हवं होतं वेगळं. चतुर्थी कधी, चंद्रोदय किती वाजता, एकादशी आज की उद्या, गॅस कधी आला ते लिहायला चौकटीत जागा. पंचांग घरात असलं तरी ते वाचता येणारा माणूस घरात असेलच असं नाही. साळगावकरांनी पंचांग सोप्या मराठीत तारखांच्या चौकटीत आणलं, आणि मागच्या कोऱ्या पानावर वाचायला मजकूर दिला. पाककृती, आरोग्य, भविष्य. जाहिरातीही होत्याच, पण त्या उपयोगाच्या वस्तूवर स्वार होऊन आल्या.

यातून काय दिसतं? फुकट असणं हा वस्तूचा गुण नाही. रोज लागणं हा गुण आहे. दहा फुकटची कॅलेंडरं सुरळी करून कपाटावर गेली आणि पैसे देऊन आणलेलं एक, खिळ्यावर टिकलं. मीकने दप्तराचं जे केलं तेच, फक्त उलट्या दिशेने.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६७ मध्ये एअर इंडियाने पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला एक अ‍ॅशट्रे करून घेतला. कुणाकडून? साल्वादोर दाली! तोच, वितळणाऱ्या घड्याळांचा चित्रकार. शिंपल्यासारखी वाटी, भोवती साप, आणि खाली आधाराला अशी आकृती जी एका बाजूने हंस दिसते आणि उलटी केली की हत्तीचं डोकं. दालीने मानधन काय मागितलं? हत्तीचं पिल्लू. आणि एअर इंडियाने खरंच हत्तीचं पिल्लू स्पेनला पोचवलं. अ‍ॅशट्रे काही शेच बनले. ते प्रवासी आता बहुतेक नसतील, एअरलाइनचा मालक बदलला, पण ते अ‍ॅशट्रे अजून लिलावात विकले जातात. म्हणजे भेटवस्तू दोन कारणांनी टिकते. एक तर ती रोज लागते, नाहीतर ती इतकी देखणी असते की टाकवत नाही. या दोन्हींत न बसणारी वस्तू कचऱ्यात जाते, तिच्यावर कितीही मोठा लोगो असू दे.

मगर कॉलरमधून बाहेर आली

इथपर्यंत भाडं कंपनी भरत होती. आता बघा ते उलटं कसं झालं.

कपड्यावर बनवणाऱ्याचं नाव असायचं, पण कॉलरच्या आत. ते बघणार फक्त शिंपी आणि धोबी. १९३३ मध्ये फ्रान्सचा टेनिसपटू रने लाकोस्त याने खेळायचे शर्ट विकायला काढले. त्याचं टोपणनाव होतं "मगर". त्याने छातीवर, बाहेरच्या बाजूला, छोटीशी मगर भरतकामात काढली. आज यात काहीच विशेष वाटत नाही. तेव्हा होतं. बनवणाऱ्याचं चिन्ह आतून बाहेर आलं, आणि लोकांनी त्यासाठी जास्त पैसे मोजले.

छापलेल्या टी-शर्टची गोष्ट थोडी पुढची. १९४८ च्या अमेरिकी निवडणुकीत थॉमस ड्यूई या उमेदवाराच्या नावाचे टी-शर्ट निघाले. त्यातला लहान मुलाचा एक टी-शर्ट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलाय. ड्यूई हरला, टी-शर्ट जिंकला. पुढे धुतल्यावर न जाणारी, न तडकणारी शाई आली, जाळीतून छापायची पद्धत स्वस्त झाली, आणि १९६०-७० च्या दशकांत बिअर, रॉक बँड, ट्रॅक्टर कंपन्या, सगळे छातीवर आले.

मग १९७७. न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावरून नुकतंच मागे आलेलं. गुन्हेगारी वाढलेली, पर्यटक घाबरलेले. राज्य सरकारला जाहिरात मोहीम करायची होती. मिल्टन ग्लेसर नावाच्या डिझायनरने टॅक्सीत बसल्या बसल्या एका कागदाच्या तुकड्यावर एक अक्षर, एक लाल बदाम आणि दोन अक्षरं काढली. "आय लव्ह न्यूयॉर्क". हे काम त्याने फुकट केलं. तो कागद आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आणि तो टी-शर्ट? तो तुम्ही कदाचित पुण्याच्या फॅशन स्ट्रीटवर पाहिला असेल, न्यूयॉर्क कधी न पाहिलेल्या माणसाच्या अंगावर.

बघा काय झालं. आता जागा आपली, जाहिरात त्यांची, आणि पैसेही आपले. कॅन्टवेलच्या पोराला निदान दप्तर मिळालं होतं. आपण मोठा लोगो असलेला टी-शर्ट तीन पट किमतीला घेतो. याला मूर्खपणा म्हणायची घाई नको. त्या मगरीबरोबर आपण काहीतरी सांगत असतो, की मला हे परवडतं, मी अमुक टीमचा, मी त्या बँडचा. तोही उपयोगच आहे. फक्त तो वस्तूचा नाही, ओळखीचा.

पाठीवरचं नाव

आणि म्हणून मला शेवटी दोन पाठी दाखवायच्या आहेत.

पहिली, गोविंदाची. दहीहंडीच्या दिवशी दादरला किंवा ठाण्याला उभे राहा. एकावर एक थर लागतायत. प्रत्येक पथकाचा एकसारखा टी-शर्ट. पुढे पथकाचं नाव, मागे कुणा नेत्याचा फोटो किंवा बिल्डरचं नाव. टी-शर्ट फुकट मिळालेला असतो, आणि शंभर-दोनशे पोरांना एकसारखा टी-शर्ट देणं पथकाला स्वतःच्या वर्गणीत जमणारं नसतं, हे खरं. पण टीव्हीवर जेव्हा सातवा थर दिसतो, तेव्हा खाली घाम गाळणाऱ्या पोराच्या पाठीवरचं नाव घराघरात पोचतं. त्या जागेचा बाजारभाव काय असेल? एका टी-शर्टपेक्षा नक्कीच जास्त. आणि थर कोसळला तर पडतो तो पोरगा, पाठीवरचं नाव नाही पडत.

दुसरी पाठ डिलिव्हरीवाल्याची. अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, पाठीवर तो मोठा चौकोनी डबा, चारी बाजूंना लोगो. दिवसाला दहा-बारा तास तो शहरभर फिरतो. इतकी फिरणारी, इतक्या चौकांत सिग्नलला थांबणारी जाहिरातीची पाटी दुसरी नाही. आणि अनेक ठिकाणी कामावर घेताना त्या टी-शर्टचे आणि त्या बॅगेचे पैसे त्याच्याकडूनच घेतले जातात, किंवा पहिल्या कमाईतून कापले जातात. म्हणजे जागा त्याची, घाम त्याचा, पेट्रोल त्याचं, आणि जाहिरातीच्या पाटीचा खर्चही त्याचाच.

१८८६ च्या त्या दप्तराशी हे ताडून बघा. तिथे व्यवहार सरळ होता. पोराला दप्तर, दुकानाला नाव. आज तोच व्यवहार इतका उलटलाय की भाडेकरूच घरमालकाकडून भाडं घेतोय. आणि आपण सिग्नलला त्याच्या शेजारी उभे राहून तो लोगो वाचतो, पण हा हिशेब वाचत नाही.

तुमचा धंदा असेल तर

तुमच्यातले बरेच जण स्वतःचं काहीतरी सुरू करतायत. केक, क्लास, जिम, सलोन, घरगुती मसाले. पहिले पैसे आले की पहिली इच्छा होते लोगो छापण्याची. छापा की, जरूर छापा. पण आधी हा हिशेब करा.

समजा, जाड कापडाची एक पिशवी नाव छापून ८० रुपयांना पडली. ती घेणारी बाई आठवड्यातून दोनदा मंडईत जाते आणि पिशवी एक वर्ष टिकते. म्हणजे १०४ फेऱ्या. एका फेरीला तुमचा एक रुपयासुद्धा जात नाही. आणि समजा, १५ रुपयांचं पेन दिलंत जे तिसऱ्या दिवशी लिहायचं बंद झालं. मग दिवसाला पाच रुपये गेले, आणि वर माणूस तुमचं नाव वाचून चार शब्द बोलला. कारण बंद पडलेल्या पेनावरही नाव तुमचंच असतं ना!

म्हणून प्रश्न तीन. ही वस्तू माझ्या गिऱ्हाईकाला रोज लागते का? माझं नाव काढलं तरी त्याने ती ठेवली असती का? आणि ही वस्तू जो वाहणार आहे, मग तो गिऱ्हाईक असो की माझ्याकडे काम करणारा पोरगा, त्याला या व्यवहारात नक्की काय मिळतंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असेल, तर टी-शर्टचे पैसे त्याच्याकडून घेऊ नका. तुमच्या नावाची जागा आहे ती, भाडं तुम्ही भरा.

बरं, आता गृहपाठ पूर्ण करा. घरातली सर्वात जुनी, धंद्याचं नाव असलेली फुकटची वस्तू शोधा. बंद पडलेल्या दुकानाचा डबा असेल, गिरणीचा टॉवेल असेल, खालून कापलेली तसबीर असेल. फोटो काढा आणि घरच्यांना विचारा की ती कुठून आली. गोष्ट ऐकण्यासारखी असली तर आम्हाला व्हॉइस मेसेज करा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर सिग्नलला शेजारी कुणी चौकोनी डबा घेऊन उभा असेल, तर त्याला आधी जाऊ द्या.